‘सिनिकल’ कोणाला म्हणावे: अविश्वासाच्या शब्दांची नेमकी निवड

ठाण्यात नौपाड्याकडे किंवा नवी मुंबईत वाशी-नेरुळकडे जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या सभा भरतात, तेव्हा विकासकाचा प्रस्ताव वाचून झाल्यावर साधारणपणे तीन प्रकारची वाक्ये कानावर येतात. एक सभासद विचारतो, “तीन वर्षांत ताबा देऊ असे यात लिहिले आहे, आधीच्या कोणत्या इमारतीचा ताबा यांनी मुदतीत दिला, त्याची कागदपत्रे दाखवा.” दुसरा म्हणतो, “काही उपयोग नाही, हे काम अर्धवटच पडणार आणि आपण सगळे भाड्याच्या घरात म्हातारे होणार.” तिसरा म्हणतो, “कमिटीवाले काय आणि बिल्डर काय, सगळे एकाच माळेचे मणी. जो तो आपली तुंबडी भरायलाच आला आहे.” सभा संपल्यावर जिन्यात मात्र या तिघांविषयी एकच शब्द वापरला जातो: हे लोक ‘सिनिकल’ आहेत, किंवा त्याहून सैलपणे, ‘निगेटिव्ह’ आहेत.

या एका शब्दामुळे पहिल्या सभासदावर अन्याय होतो, आणि तो अन्याय मला किरकोळ वाटत नाही. ज्याने पुरावा मागितला त्याला आणि ज्याने सरसकट सर्वांना लबाड ठरवले त्याला आपण एकाच रांगेत बसवले, की पुढच्या सभेत पुरावा मागायला कोणी उठत नाही. म्हणून सिनिसिझम आणि त्याच्या आसपासचे शब्द नेमके कसे ओळखावेत आणि रोजच्या बोलण्या-लिहिण्यात कसे वापरावेत, याची ही मांडणी आहे.

अविश्वास कशावर आहे, ते आधी पाहावे

शब्द निवडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: बोलणाऱ्याचा अविश्वास नेमका कशावर आहे? तो एखाद्या दाव्यावर असेल, तर ती शंका किंवा चिकित्सा होय. तो परिणामावर असेल, म्हणजे शेवट वाईटच होणार असे त्याला वाटत असेल, तर तो निराशावाद होय. आणि तो माणसांच्या हेतूवर असेल, म्हणजे कोणीही चांगले काम चांगल्या हेतूने करतच नाही, प्रत्येकाच्या मुळाशी स्वार्थच असतो, असे त्याने आधीच ठरवून टाकले असेल, तरच त्याला सिनिसिझम म्हणावे. वरच्या तीन सभासदांपैकी पहिला चिकित्सक आहे, दुसरा निराशावादी आहे आणि तिसऱ्याचे वाक्य तेवढे सिनिकल आहे.

निराशावाद आणि सिनिसिझम यांची गल्लत सर्वाधिक होते, म्हणून त्यांच्यातील फरक एका स्थानिक उदाहरणाने स्पष्ट करतो. नवी मुंबई मेट्रोच्या पहिल्या मार्गाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि बेलापूर ते पेंधर हा ११ स्थानकांचा मार्ग प्रवाशांसाठी १७ नोव्हेंबर २०२३ रोजी खुला झाला. मधल्या वर्षांत खारघरमध्ये जो रहिवासी “ही मेट्रो कधीच धावणार नाही” असे म्हणत होता, तो निराशावादी होता, आणि गाडी धावू लागली त्या दिवशी त्याचे म्हणणे चूक ठरले. त्याने ते मोकळेपणाने मान्यही केले असेल. पण “निवडणुका तोंडावर आल्या म्हणून सुरू केली, लोकांची काळजी कोणाला आहे” असे म्हणणाऱ्याचे विधान गाडी धावल्याने खोटे ठरत नाही आणि न धावल्यानेही खोटे ठरत नाही. काम रखडले तरी स्वार्थ, पूर्ण झाले तरी स्वार्थ, असा हा बंदिस्त हिशेब असतो. सिनिकल विधान ओळखण्याची माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण हीच आहे: समोर कोणताही पुरावा ठेवला तरी ते विधान डळमळत नाही, कारण ते पुराव्यावर उभेच राहिलेले नसते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हेतूवर घेतलेला प्रत्येक संशय सिनिकल नसतो. एका विशिष्ट व्यक्तीने, एका विशिष्ट व्यवहारात, अमुक कागदपत्रांवरून दिसणारा लाभ घेतला, असे म्हणणे हा आरोप आहे आणि आरोप तपासता येतो. महात्मा जोतीराव फुले यांनी पुरोहितवर्गाच्या हेतूंवर अतिशय कठोर टीका केली. तरीही त्यांना सिनिकल म्हणणे भाषेच्या आणि इतिहासाच्या दोन्ही दृष्टींनी चुकीचे ठरेल. माणूस बदलू शकतो आणि शिकून मोकळा होऊ शकतो यावर ज्याचा विश्वास नाही, तो १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढत नाही आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापनाही करीत नाही. ‘सत्यशोधक’ या नावातच सत्य सापडू शकते ही श्रद्धा आहे; सिनिकल माणसाची नेमकी तीच श्रद्धा संपलेली असते.

शब्द आला कोठून

‘सिनिक’ या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत आहे. ग्रीकमध्ये कुत्र्याला ‘क्युऑन’ म्हणतात आणि त्यावरून ‘क्युनिकोस’ म्हणजे श्वानासारखा असे विशेषण झाले. हे नाव एका तत्त्वज्ञ-पंथाला का पडले याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. सॉक्रेटिसचा शिष्य अँटिस्थेनीस अथेन्समधील ‘क्युनोसार्गेस’ नावाच्या व्यायामशाळेत शिकवीत असे, हे एक. आणि या पंथाचे लोक घरदार, लाजलज्जा, मानमरातब यांची पर्वा न करता रस्त्यावर कुत्र्याप्रमाणे राहत, हे दुसरे.

या पंथाचा सर्वांत प्रसिद्ध पुरुष म्हणजे काळ्या समुद्राच्या काठच्या सिनोपे या गावचा डायोजिनीस. इसवी सनपूर्व चौथ्या शतकातील हा तत्त्वज्ञ अथेन्समध्ये एका मोठ्या मातीच्या रांजणात राहत असे, भर दिवसा दिवा घेऊन बाजारातून फिरत असे आणि विचारल्यावर “मी माणूस शोधतो आहे” असे सांगत असे, अशा कथा त्याच्याविषयी आहेत. अलेक्झांडरने “तुला काय हवे ते माग” म्हटल्यावर त्याने “माझ्या उन्हातून बाजूला हो” एवढेच मागितले, ही कथा तर सर्वत्र सांगितली जाते. या कथा पुष्कळ नंतरच्या लेखकांनी नोंदवल्या असल्याने त्या अक्षरशः घडल्या असे म्हणता येत नाही; तरीही त्यांतून पंथाची वृत्ती नीट कळते. त्यांना संपत्ती, सत्ता आणि लौकिक तुच्छ वाटत होते, पण सद्गुण तुच्छ वाटत नव्हता. उलट सुखासाठी सद्गुण पुरेसा आहे, बाकी सारे ओझे आहे, अशी त्यांची शिकवण होती. दिवसा दिवा घेऊन खरा माणूस शोधणारा मनुष्य काहीतरी शोधत तरी होता.

आजच्या वापरात हा अर्थ जवळजवळ उलटा झाला आहे. जुना सिनिक म्हणे, “मान आणि पैसा खोटा, सद्गुण खरा.” आजचा सिनिक म्हणतो, “पैसा तेवढा खरा, सद्गुणाचे नाटक खोटे.” जर्मन भाषेने या दोन अर्थांसाठी ‘क्युनिस्मुस’ आणि ‘त्स्युनिस्मुस’ असे दोन वेगळे शब्द ठेवले आहेत. मराठीत लिहिताना प्राचीन पंथाचा उल्लेख असेल तेव्हा ‘सिनिक पंथ’ किंवा ‘सिनिक तत्त्वज्ञ’ असे स्पष्ट लिहावे आणि आजच्या वृत्तीविषयी लिहिताना ‘सिनिसिझम’ किंवा ‘सिनिकल वृत्ती’ असे लिहावे, म्हणजे वाचक गोंधळत नाही.

संशयाचे कुळ मोठे आणि प्रतिष्ठित आहे

‘स्केप्टिक’ हा शब्दही ग्रीकच आहे आणि त्याचा मूळ अर्थ तपासणारा, शोध घेणारा असा आहे. या विचाराचा प्रवर्तक मानला जाणारा पिऱ्हो हा अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर भारतापर्यंत आला होता आणि येथील साधूंशी त्याची भेट झाली होती, अशी परंपरा आहे. मराठीत स्केप्टिसिझमला ‘संशयवाद’ हा प्रतिशब्द रूढ आहे आणि तत्त्वज्ञानाच्या लेखनात तो उत्तम चालतो. अडचण येते ती रोजच्या बोलण्यात, कारण बोलीत ‘संशय’ या शब्दाला दुसऱ्याच्या चारित्र्यावरील अविश्वासाचा वास लागला आहे. “तिचा नवरा संशयी आहे” या वाक्यात तत्त्वज्ञानाचा लवलेश नसतो.

वास्तविक आपल्याकडे संशयाला फार जुना मान आहे. न्यायदर्शनाने, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाने, जे सोळा पदार्थ (विचाराचे विषय) सांगितले, त्यांत प्रमाण (ज्ञानाचे साधन) आणि प्रमेय (ज्ञानाचा विषय) यांच्या पाठोपाठ तिसरा क्रमांक संशयाचा आहे, कारण संशय उत्पन्न झाल्याशिवाय चर्चेला आणि निर्णयाला तोंडच फुटत नाही. याउलट गीतेतील ‘संशयात्मा विनश्यति’ हे वचन आपल्या बोलण्यात इतके रुळले आहे की प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करण्यासाठीही ते वापरले जाते. त्या श्लोकात ‘अज्ञ’ आणि ‘अश्रद्दधान’ (श्रद्धा नसलेला) यांच्या जोडीने संशयात्म्याचा उल्लेख येतो. कशावरच निष्ठा न बसलेल्या माणसाविषयी ते वचन आहे. ताबा कधी मिळेल असे विचारणाऱ्या सभासदाला ते ऐकवणे गैर आहे.

म्हणून पुरावा मागणाऱ्या माणसासाठी रोजच्या मराठीत ‘संशयी’ न म्हणता ‘चिकित्सक’ म्हणावे. हा शब्द स्वच्छ आहे, त्यात दोषारोप नाही, आणि महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात त्याला वजन आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात धर्माच्या ‘चिकित्से’चा आग्रह धरला, तो याच अर्थाने. ‘हेल्दी स्केप्टिसिझम’ असे काही भाषांतरित करण्याची वेळ आली तर ‘निरोगी संशयवाद’ हा शब्दशः केलेला प्रयोग टाळून ‘डोळस चिकित्सा’ किंवा नुसते ‘डोळसपणा’ असे लिहावे. वाचकाला अर्थ लगेच पोचतो.

या कुळातील काही शब्द मात्र एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि तेथे अर्थाची हानी होते. ‘संशयी’ म्हणजे जो संशय घेतो तो. ‘संशयित’ म्हणजे ज्याच्यावर संशय घेतला जातो तो. आणि ‘संशयास्पद’ हे सहसा वस्तूला, वर्तनाला किंवा घटनेला लावावे. “सभेत काही संशयित सभासदांनी प्रश्न विचारले” असे इतिवृत्तात लिहिले गेले, तर प्रश्न विचारणारेच आरोपी ठरतात. ‘साशंक’ हा शब्द सौम्य आहे: ज्याचे मन पुरते पटलेले नाही, पण ज्याने विरोधही केलेला नाही, त्याला साशंक म्हणावे. ‘संशयखोर’ यातील ‘खोर’ मात्र खोड दाखवतो. भांडखोर, हरामखोर या शब्दांतही तोच प्रत्यय आहे. कारण नसताना वारंवार संशय घेणाऱ्यापुरताच तो राखून ठेवावा.

सिनिकल शब्दाला मराठी प्रतिशब्द

एकच नेमका प्रतिशब्द मराठीत रूढ झालेला नाही, असे मला वाटते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. संदर्भ पाहून आपल्याकडे अनेक चांगले शब्द वापरता येतात. दुसऱ्याच्या प्रत्येक कामात उणे शोधण्याच्या सवयीवर भर असेल तर ‘दोषैकदृष्टी’ किंवा ‘छिद्रान्वेषी’ हे शब्द आहेत; ते लेखनात शोभतात, बोलण्यात जड होतात. चांगुलपणाची किंमतच न मानण्यावर भर असेल तर ‘तुच्छतावादी’ चालतो. मला स्वतःला सर्वांत जवळचा वाटतो तो एक साधा वाक्प्रचार: ‘विश्वास उडणे’. “माणसांवरचा त्याचा विश्वासच उडाला आहे” हे वाक्य ‘तो सिनिकल आहे’ याचा अर्थ जवळजवळ पूर्णपणे पोचवते, आणि शिवाय एक गोष्ट अधिक सांगते: हा विश्वास पूर्वी होता. सिनिसिझम बहुधा जन्मजात नसतो. तो वारंवार झालेल्या फसवणुकीतून येतो. ज्याच्या घराचा ताबा वर्षानुवर्षे रखडला, त्याचे कटू बोलणे ऐकताना ही पूर्वपीठिका ध्यानात ठेवणारा शब्द निवडणे हे मला भाषिक अचूकतेइतकेच माणुसकीचेही काम वाटते.

म्हणींचाही येथे उपयोग होतो, परंतु त्या निवडून वापराव्यात. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण सर्वांना एकाच मापाने मोजते. तो सिनिकल वृत्तीचा खरा मराठी उद्गार आहे. ‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ हा वाक्प्रचार संशयाचा आहे, सिनिसिझमचा नाही, कारण त्यात एका विशिष्ट जागी काहीतरी लपले आहे आणि शोधल्यास ते सापडेल असे गृहीत आहे. ‘दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात’ ही म्हण अनुभवाने आलेली सावधगिरी सांगते. तिला दोष देऊ नये. ‘चोराच्या मनात चांदणे’ मात्र दुसऱ्याच टोकाची आहे, ती संशय घेणाऱ्याच्याच मनातील अपराधाकडे बोट दाखवते, आणि म्हणून ती सभेत कोणाला ऐकवली तर तो अपमान ठरतो. ‘घरोघरी मातीच्या चुली’ वरवर पाहता पळसाच्या म्हणीसारखीच वाटते, परंतु तिचा सूर समजुतीचा आणि सांत्वनाचा आहे; एखाद्या घरातील भांडण पाहून नाव न ठेवण्यासाठी ती वापरतात.

सूर आणि वृत्ती या दोन गोष्टी निराळ्या

पुष्कळ जण ‘सिनिकल’ आणि ‘सार्कास्टिक’ हे शब्द आलटून पालटून वापरतात. सिनिकल ही वृत्ती आहे, सार्कास्टिक हा बोलण्याचा सूर आहे. मनात जे आहे त्याच्या उलट शब्द वापरून टोचणे म्हणजे उपरोध, आणि त्यासाठी ‘उपरोधिक’ हा शब्द पुरेसा आहे; थेट हसे करणे म्हणजे उपहास. घोडबंदर रस्त्यावरील कोंडीत अडकलेला सहप्रवासी “वा, आज तर हवेतच उडतो आहोत आपण” असे म्हणाला, तर तो उपरोधाने बोलला. त्यावरून माणसांवरचा त्याचा विश्वास उडाला आहे असे काही ठरत नाही. उलट एखादा मनुष्य अतिशय मृदू, आर्जवी स्वरात “रक्तदान शिबिर भरवतात ते फलकावर नाव यावे म्हणूनच हो” असे म्हणेल, आणि त्यात उपरोधाचा अंशही नसताना ते वाक्य पूर्णपणे सिनिकल असेल. ‘खवचट’ आणि ‘तिरकस’ हे शब्द सुराचे आहेत. ‘कुत्सित’ या शब्दात सूर आणि तुच्छता दोन्ही येतात, त्यामुळे तो सिनिकल शब्दाच्या सर्वांत जवळ जातो.

‘उदासीन’ हा शब्दही येथेच निकाली काढावा. त्याचा अर्थ ‘उदास’ किंवा दुःखी असा नाही. ज्याला दोन्ही बाजूंशी घेणेदेणे नाही, जो अलिप्त आहे, तो उदासीन. मतदानाला न जाणाऱ्या ठाणेकराला निवडणुकीशी काही घेणेदेणेच नसेल तर त्याला उदासीन म्हणावे; “कोणालाही मत द्या, सगळे चोरच” असे म्हणून तो घरी बसला असेल तर ती सिनिकल वृत्ती आहे.

प्रत्यक्ष वापरताना

शब्द माणसाला न लावता विधानाला लावण्याची सवय ठेवावी. “तुम्ही सिनिकल आहात” असे म्हटल्यावर समोरचा माणूस स्वतःचा बचाव करू लागतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. “हे विधान सरसकट झाले, त्यातला नेमका आरोप कोणावर आहे ते सांगा” असे म्हटल्यास संभाषण पुढे जाते. वयाने मोठ्या शेजाऱ्यांशी बोलताना तर हा शब्द टाळणेच उचित, “काका, या लोकांवरचा तुमचा विश्वास उडालेला दिसतो, काही अनुभव आला आहे का?” असे विचारले, की बहुधा खरी हकीकत बाहेर येते आणि ती सर्वांच्या उपयोगाची असते.

सोसायटीचे इतिवृत्त लिहिणाऱ्या सचिवांनी ‘नकारात्मक सूर’ यांसारखी मोघम विशेषणे लिहू नयेत. पुरावा मागितला असेल तर “सभासदांनी अमुक बाबतीत शंका उपस्थित करून कागदपत्रांची मागणी केली” असे लिहावे. अनिष्ट परिणामांची भीती व्यक्त झाली असेल तर “काम रखडण्याबाबत चिंता व्यक्त केली” असे लिहावे. आणि कोणी सरसकट आरोप केला असेल तर तो ज्या शब्दांत केला त्या शब्दांत, भाष्य न जोडता नोंदवावा. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खाली पुनर्विकासासंबंधी जे शासन निर्देश ३ जानेवारी २००९ रोजी निघाले आणि ४ जुलै २०१९ रोजी सुधारले गेले, त्यांत विकासक निवडीच्या सभेला निबंधकांचा प्रतिनिधी असावा आणि सभेचे चित्रीकरण व्हावे अशी तरतूद आहे. ही तरतूद कोणालाही लबाड ठरवत नाही. ती शंकेला रीतसर जागा देते. इतिवृत्तातील भाषाही त्याच जातीची असावी.

राहिला व्याकरणाचा भाग. ‘सिनिक’ हे माणसाचे नाम, ‘सिनिकल’ हे विशेषण आणि ‘सिनिसिझम’ हे वृत्तीचे नाम आहे. ‘सिनिकल’ लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही: सिनिकल मुलगा, सिनिकल उत्तरे, सिनिकल भूमिका. ‘सिनिसिझम’ हा शब्द ‘वाद’ शब्दाप्रमाणे पुल्लिंगी चालवावा, म्हणजे “त्याचा सिनिसिझम वाढला”. त्याला विभक्ती लागताना “सिनिसिझमने”, “सिनिसिझमचा” अशी रूपे होतात. “तो फार सिनिक बोलतो” असे ऐकू येते, ते टाळून “तो फार सिनिकल बोलतो” असे म्हणावे. औपचारिक पत्रात किंवा परीक्षेच्या उत्तरात हा शब्द प्रथम येईल तेथे “सिनिकल, म्हणजे सर्वांच्या हेतूंविषयी आधीच अविश्वास बाळगणारी, वृत्ती” असा खुलासा एकदा करावा आणि पुढे तोच शब्द त्याच अर्थाने सर्वत्र ठेवावा. अर्थच्छटेविषयी शंका राहिल्यास दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ उघडून ‘संशय’, ‘शंका’ आणि ‘कुत्सित’ हे तीन शब्द एका बैठकीत वाचावेत. ठाणेकरांना त्यासाठी १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय गावातच आहे.